‘कॉम्प्युटरच कुलूपबंद केले’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

२० तारखेला ऑफिसचं काम अडलं, त्याबद्दल दिलगीर आहोत.

‘अँटिव्हायरस टाकायला सांगितलं तर यांनी कॉम्प्युटरच कुलूपबंद केले, जीएसटीच्या शेवटच्या दिवशी काही चालूनच नाही राहिलं, वरून पैसे जास्त’ असं लिहून तुम्ही एक तारा दिला. तारा देणं तुमच्या हातात आहे. पण बिलाच्या नावानं आलेली फाइल उघडून टॅलीचा डेटा गेला, तेव्हा अँटिव्हायरस होताच ना? तो ओळखीचे व्हायरस पकडतो, नवा सुटू शकतो. म्हणून ‘काहीतरी पक्कं करा’ असं तुम्हीच म्हणालात, तेव्हा अ‍ॅपलॉकर, म्हणजे विंडोजमधलीच सॉफ्टवेअर अडवायची सोय, लावला. विंडोज ७ पासून आहे तो, आमच्या डोक्यातून निघालेला नाही. आपण ठरवलेल्या यादीतलं सॉफ्टवेअर चालतं, बाकीचं चांगलं असो की वाईट, चालत नाही. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, मजुरी तेवढी घेतली.

आता मुख्य गोष्ट. यादी पक्की करण्याआधी ऑडिट मोड ठेवतात. त्यात काही अडत नाही, काय अडलं असतं याची नुसती नोंद होते. मी पूर्ण महिना मागितला होता, कारण रिटर्नची कामं महिन्यातून एकदाच निघतात. तुम्ही आठवड्यातच ‘चालू करून टाका, रोज काय चकरा’ म्हणालात. व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. तरी एक्सेलवरून जीएसटी पोर्टलवर टाकायची जेसॉन फाइल बनवणारा तुमचा छोटा प्रोग्राम मी विचारून यादीत घेतला. त्यावर बनवणाऱ्याची डिजिटल सही नाही, म्हणून नियम हॅशवर, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणाऱ्या ठशावर केला, म्हणजे तीच नेमकी फाइल चालणार. १९ च्या रात्री तुमचा भाचा पेनड्राइव्हवरून त्याच प्रोग्रामची नवी फाइल टाकून गेला. फाइल बदलली की हॅश बदलतो. सकाळी प्रोग्राम अडला, तो अडायलाच पाहिजे होता. व्हायरसही असाच पेनड्राइव्हवरून येतो, त्याला भाचा कोण हे कळत नाही.

तुमचा फोन आल्यावर दुपारच्या आत नवा हॅश घातला, रिटर्न त्याच दिवशी भरलं गेलं. रिव्ह्यूत ते कुठंच नाही. इतकी वर्षं नागपुरात सीताबर्डीत दुकान आहे, लोक हेच वाचून येतात भाऊ.

यापुढे रिटर्नच्या दिवसांत जास्त लक्ष देऊ, अपडेटआधी फोन करायचं काहीतरी ठरवू. तुमची बॅकअपची हार्ड डिस्क दुकानातच आहे. घ्यायला याल तेव्हा भाच्यालाही आणा, चहा आमच्याकडून.