टाकाऊ खुर्च्यांच्या कलेबद्दल : तुमच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. या कलेवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, म्हणून दोन दिवस थांबून लिहितोय. तुमचं म्हणणं असं, की टाकाऊ फर्निचर जोडून गॅलरीत मांडायचं, ते श्रीमंतांनी विकत घ्यायचं, आणि वर उपभोगाला प्रश्न विचारला म्हणून मिरवायचं, हे ढोंग आहे. शिवाय ज्यांना नवं कधी परवडलंच नाही, त्यांना जुनं वापरायला कलाकारांनी काय शिकवावं?

दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. 'लोकांनी जुनं वापरायला शिकलं पाहिजे' हे माझं वाक्य आगाऊपणाचं होतं. काढून टाकतो.

पहिला मात्र अर्धाच पटला. टेजो रेमी या डच डिझायनरने १९९१ साली इकडूनतिकडून मिळवलेल्या जुन्या ड्रॉवरांना नव्या चौकटी करून एका पट्ट्याने त्यांचा गठ्ठा आवळला. तो आता न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे. त्यात मोजे कोण ठेवणार? इथे तुम्ही जिंकलात.

पण मार्टिनो गॅम्पर या इटालियन डिझायनरचं बघा. रस्त्यावर फेकलेल्या, मित्रांकडून आलेल्या खुर्च्या मोडून त्याने दिवसाला एक अशा १०० खुर्च्या केल्या आणि २००७ मध्ये लंडनला मांडल्या. मला त्यात उपदेश दिसत नाही, रियाज दिसतो. तेव्हापासून मी कुठलीही खुर्ची उलटी करून बघतो. (घरचे वैतागतात.)

जुन्या खुर्चीत बऱ्याचदा आडव्या पट्टीचं टोक पायाच्या खाचेत सरसाने बसवलेलं असतं. ऊब आणि ओलावा दिला की सरस मऊ पडतो, सांधा सुटतो, खरवडून पुन्हा जोडता येतो. पार्टिकल बोर्डच्या, म्हणजे लाकडाचा भुसा चिकटवून दाबलेल्या फळीच्या, कपाटाचं बिजागर एकदा उपटलं की स्क्रूच्या भोकातून भुसा गळतो, तोच स्क्रू पुन्हा धरत नाही. पाणी लागून कड फुगली तर ती फुगलेलीच राहते. म्हणजे वस्तू किती टिकणार हे बरंचसं ती बनवतानाच ठरलेलं असतं. सगळं खापर घेणाऱ्याच्या हावेवर फोडणारी कला मलाही खोटीच वाटते.

माझ्याकडे अशी एखादी कलाकृती आहे का, असंही विचारलंत. नाही. एक डुगडुगणारी खुर्ची आहे. काल सांधे खरवडून नवा सरस लावला, पायांना सुतळीचा वेढा दिला आणि मधे काडी घालून पीळ भरला. उद्यापर्यंत तिला हात लावायचा नाही.