थंडी शिव शिव म्हणेपर्यंत

इंदुरात काकडीचं बी कधी लावावं, हा प्रश्न चारचौघांत विचारू नये. पोह्यांवर शेव किती घालावी यावरही या शहरात एवढे मतभेद नाहीत. रामबागेतल्या आजी म्हणतात, "संक्रांत झाली ना, मग लाव की!" दूधवाला म्हणतो, "भिया, होली के बाद." रोपवाटिकेतला मुलगा म्हणतो, "कभी भी लगा लो," कारण त्याला रोपं विकायची असतात.

आजींचा मान राखून सांगतो, संक्रांतीला माळव्यात पहाटेचा पारा दहाच्या आसपास असतो आणि उत्तरेचा वारा सुटला की आणखी घसरतो. काकडीच्या बियाला माती किमान १६ अंश तरी लागते. २५ ते ३० मिळाली तर ते चार-पाच दिवसांत वर येतं. गार, ओल्या मातीत मात्र ते नुसतं वाट बघत बसत नाही, सडतं. उकरून चिमटीत धरलं की टरफलातून पांढरा चिकट रस येतो, आणि आपण दुकानदाराला शिव्या घालतो.

"महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते," हा त्यातल्या त्यात शहाणा सल्ला. पण ही तिथी २०२४ मध्ये ८ मार्चला आली आणि २०२६ मध्ये १५ फेब्रुवारीला. काकडीच्या घरी पंचांग नसतं. घरातला तापाचा थर्मामीटरही मातीत खुपसू नका; तो ३५च्या खाली फारसं बोलत नाही आणि माती ३५ झाली तर काकडीची वेळ टळलेली असते. सरळ सकाळी आठला कुंडीत दोन इंच बोट घाला. बोट गारठलं नाही आणि पहाटेचा पारा आठवडाभर १२च्या वर राहिला, की लावा. इंदुरात हे साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जमतं. धीर निघत नसेल तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला घरात कागदी कपांत बी टाका. तीन आठवड्यांच्या आत कपाचा तळ फाडून कपासकट कुंडीत ठेवा. काकडीला मुळं हलवलेली अजिबात खपत नाहीत.

कुंडी १५ इंची, खाली भोकं. नुसती काळी माती भरू नका. ती भिजली की चिकटते, वाळली की भेगाळते. अर्धी माती, उरलेल्यात शेणखत आणि वाळू. बी दोन सेंटीमीटर खोल, एका कुंडीत तीन. बियातून निघालेल्या पहिल्या जोडीनंतरची दोन खरी पानं आली की सर्वांत धट्टंकट्टं रोप ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटलीत तर शेजारणीची मुळंही हलतात. कापताना घरातलं कोणीतरी हळहळणारच. हळहळू द्या.

दूधवाल्याचं ऐकून होळीनंतर लावलंत तर वेल वाढतो झकास, फुलतोही. पण दिवस मोठे आणि ऊन कडक झालं की नरफुलंच जास्त येतात. मादीफूल ओळखणं सोपं: पाकळ्यांच्या मागे बोटाच्या पेराएवढी काकडी असते, नराच्या मागे नुसता देठ. सुरुवातीला नर येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मे लागला तरी नरच असतील तर ती गच्चीवरची वरात समजा, नवरीविना. मादीफुलं असूनही काकड्या पिवळ्या पडून गळत असतील, तर बहुधा मधमाश्या नाहीत. सकाळी नऊच्या आत नरफुलाच्या पाकळ्या काढा आणि परागांचा भाग मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. हे करताना शेजारच्या गच्चीकडे बघू नये.

उन्हाळा हुकला तर जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत दुसरी संधी असते. पाण्याची चिंता नाही, पण वेल मांडवावर हवाच. नाहीतर पानांवर केवडा रोगाचे पिवळे चट्टे पडतात आणि जमिनीला टेकलेली काकडी कुजते. फळमाशी दोन्ही हंगामांत येते; कोवळ्या काकडीला कागदी पिशवी बांधा.

एप्रिलपासून पाणी रोज, सकाळी, बुडाशी. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी बादलीभर असं केलंत की काकडी कडू होते. मग टोक कापून घासत फेस काढण्याचा विधी खुशाल करा, त्याने कडूपणा जात नाही. देठाकडचा भाग बोटभर कापून टाकलात तर थोडा जातो. उरलेली चाखून बघा आणि मगच खमंग काकडीत घाला, कारण कडू फोडींवर दाण्याचं कूट फुकट जातं आणि एकादशीला दुसरं फारसं काही खाताही येत नाही.