आयहेटगॉड आणि जोई लाकाझचा ठेका

आयहेटगॉड या अमेरिकन मेटल बँडचा विषय निघाला की आधी हेरॉइन, तुरुंग आणि फुटलेल्या बाटल्या यांच्याच गोष्टी निघतात. हा बँड मी कित्येक वर्षं ऐकतोय आणि दर वेळी मला याची चीड येते. माझ्या लेखी त्यांची गोष्ट ड्रमरपासून सुरू होते. जोई लाकाझपासून.

१९८८ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये गिटारिस्ट जिमी बोवरने हा बँड उभा केला. तेव्हा अंडरग्राउंड मेटलमध्ये वेगाची नुसती शर्यत लागली होती. या पोरांनी उलटी वाट धरली. ब्लॅक सॅबथ या जुन्या मेटल बँडचे जड रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, त्यांच्या अंगात होतेच. शिवाय मेल्विन्स हा संथ, जड वाजवणारा बँड होता आणि ब्लॅक फ्लॅग या पंक बँडचा १९८४ चा ‘माय वॉर’ हा अल्बम होता. त्या रेकॉर्डची दुसरी बाजू ऐका, एरवी सुसाट पळणारा हार्डकोर पंक अक्षरशः पाय ओढत चालतो. आयहेटगॉडचा पहिला अल्बम ‘इन द नेम ऑफ सफरिंग’ १९९० मध्ये एका छोट्या फ्रेंच लेबलने काढला. फार कच्चा आहे तो. मला आवडतो, पण नव्याने ऐकणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये.

सुरुवात करावी ती १९९३ च्या ‘टेक ॲज नीडेड फॉर पेन’पासून. नाव म्हणजे औषधाच्या बाटलीवरची सूचनाच, दुखेल तेव्हा घ्या. यातला गिटारचा फीडबॅक नीट ऐका. गिटार अँपसमोर धरली की जी किंचाळी उठते, ती बाकीचे बँड दाबतात. हे लोक तिला मोकळं सोडतात, वाढू देतात आणि तिच्या अंगावर रिफ आणून आदळतात. तारा इतक्या सैल की स्वर जागेवर ठरतच नाही, खाली झुकतो. तो रिफ मुळात ब्लूजचा आहे. गायक माईक विल्यम्सचे शब्द मला आजही अर्धे कळत नाहीत. पण तो घसा फाडून जे सांगतोय ते पोचतं.

आणि या सगळ्याखाली लाकाझ. त्याचा स्नेअर, म्हणजे कडकडीत वाजणारा ड्रम, मात्रेच्या केसभर मागे पडतो. आपली मान खाली जाते तेव्हा तो आलेला नसतो. मग येतो. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला समेची वाट बघणं म्हणजे काय ते माहीत असतं, तसलीच ओढ इथे लागते. न्यू ऑर्लिन्समध्ये अंत्ययात्रेला ब्रास बँड असतो, स्मशानाकडे जाताना तो अगदी सावकाश वाजवत जातो. ज्या शहराची चालच अशी, तिथल्या ड्रमरच्या हाताला घाई कशी असेल? अशा संथ, जड संगीताला स्लज म्हणतात. स्लज म्हणजे गाळ. मिसिसिपीकाठच्या या शहरातल्या बँडला तो शब्द शोभतो.

१९९६ चा ‘डोपसिक’ अनेकांना सर्वात थोर वाटतो. थोर आहेच. पण त्यातली व्यसनाची तडफड मिरवायची वस्तू झाली, ते मला अजिबात पटत नाही. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळ आलं, त्यानंतर विल्यम्सचं घर जळालं आणि ड्रग्जच्या आरोपाखाली तो तुरुंगात गेला. पुढे यकृत निकामी झालं, चाहत्यांनी वर्गणी काढली, डिसेंबर २०१६ मध्ये प्रत्यारोपण झालं. यात रोमँटिक काय आहे? एक माणूस मरता मरता वाचला. २०२१ च्या अल्बमवर तो पुन्हा गायला, याचा मला मनापासून आनंद आहे.

लाकाझ मात्र वाचला नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये युरोपचा दौरा करून आला आणि श्वसनाच्या त्रासाने गेला. वय ४२. त्याआधी नव्या अल्बमचे ड्रम्स त्याने वाजवून ठेवले होते. आधीचा अल्बम २००० चा, त्यानंतर चौदा वर्षांनी येणारा हा अल्बम २०१४ मध्ये निघाला, त्याला बँडचंच नाव. पहिलं गाणं जोरात पळतं, पंकसारखं. दुसऱ्या गाण्याला गती उतरते आणि स्नेअर पुन्हा मागे पडायला लागतो, केसभर.