करार करावा, विद्यार्थी घरीच ठेवावेत

आपल्या महाविद्यालयाचा एखाद्या जर्मन विद्यापीठाशी सामंजस्य करार अजून झाला नसेल, तर आपण आधी शालश्रीफळाची व्यवस्था पाहावी; अभ्यासक्रमाचे नंतर बघता येते. टेबलावर दोन्ही देशांचे ध्वज ठेवताना जर्मनीच्या ध्वजातील काळा पट्टा वर येईल एवढी काळजी घेतली (तो उलटा ठेवलेला मी पाहिला आहे, पाहुणे सौजन्याने हसले होते), की देवाणघेवाणीचा निम्मा भाग पार पडला असे समजण्यास हरकत नाही. भाषणात मद्रासच्या आयआयटीचे नाव अवश्य घ्यावे. मात्र १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या मदतीने ती उभी राहताना तिकडून यंत्रे व प्राध्यापक आले आणि इकडचे अध्यापक प्रशिक्षणासाठी तिकडे गेले, हा तपशील टाळावा. त्याने श्रोत्यांच्या अपेक्षा उगाच वाढतात.

करारपत्रात तारखा नसाव्यात. जर्मनीचे हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते, तेव्हा आपल्याकडे सत्रपरीक्षांची धामधूम असते. ते जुळवत बसण्यापेक्षा ‘परस्परांच्या सोयीनुसार’ असे लिहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार ट्विनिंग अभ्यासक्रमात (म्हणजे काही भाग इथे, काही परदेशी विद्यापीठात शिकण्याच्या) ३० टक्क्यांपर्यंत परदेशी श्रेयांक (क्रेडिट) धरता येतात, हे खरे आहे. परंतु ते नियम वाचून आलेल्या प्राध्यापकाला तत्काळ नॅकच्या (महाविद्यालयांना दर्जाची श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) फायली लावण्यास बसवावे.

इतके करूनही एखादी हट्टी मुलगी, व्हिसासाठी २०२४ साली ठरलेल्या दराने दरमहा ९९२ युरोंची तजवीज दाखवून, एक सत्र तिकडे शिकून आलीच, तर तिला परीक्षा विभागाच्या खिडकीकडे पाठवावे. जर्मनीत १.० हे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास, हे खिडकीमागच्या भाऊसाहेबांना कोणी सांगितलेले नसते. तिच्या गुणपत्रिकेवरील १.३ हा आकडा, चष्मा कपाळावर सरकवून, ते दोनदा वाचतात. “ताई, दहापैकी दीडसुद्धा नाहीत,” ते कळवळून म्हणतात, “एटीकेटीचा फॉर्म भरून टाका. आज शेवटची तारीख आहे.”

फॉर्मचे शुल्क विलंब आकारासह घ्यावे. तिचा विमानतळावरचा फोटो मात्र नॅकच्या अहवालात ‘कार्यरत सामंजस्य करार’ या मथळ्याखाली रंगीत छापावा.