ते मूल बिलगलं, म्हणजे बरं झालं?

गेले काही आठवडे रात्रीची जेवणं आटोपली की मी साठ वर्षांपूर्वीचे शोधनिबंध वाचत बसते. सुरुवात झाली लॉरेटा बेंडर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ बाईंच्या नावापासून. विशेष मुलांना शिकवणाऱ्यांना ते नाव चांगलं माहीत असतं. बेंडर गेस्टाल्ट, नऊ कार्डं, कार्डावरची आकृती पाहून मुलानं तशीच काढायची. ती चाचणी मी शिकले, पण बाईंबद्दल त्यापलीकडे काहीच माहीत नव्हतं.

न्यूयॉर्कच्या क्रीडमोर मनोरुग्णालयातल्या, आज आपण ऑटिस्टिक (स्वमग्न) म्हणू अशा मुलांना याच बेंडरबाईंनी १९६१ पासून एलएसडी हे भास घडवणारं रसायन दिलं. एकदा-दोनदा नाही, रोज. सुरुवात २५ मायक्रोग्रॅमपासून, मग वाढवत वाढवत १५० पर्यंत. धडधाकट मोठ्या माणसाचं जग काही तास उलटंपालटं करायला १०० मायक्रोग्रॅम पुरतात. आणि ही प्राथमिक शाळेच्या वयाची मुलं, त्यातली बरीचशी न बोलणारी. त्याआधी १९४०च्या दशकात बेल्व्ह्यू रुग्णालयात बाईंनी जवळपास शंभर मुलांना विजेचे झटके दिले होते.

त्या एकट्या नव्हत्या. १९६२ मध्ये आल्फ्रेड फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी १२ मुलांवरचा एलएसडीचा प्रयोग प्रसिद्ध केला. मुकी मुलं बोलू लागतील अशी आशा होती, ती बोलली नाहीत. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात सिमन्स, लोवास वगैरेंनी एका जुळ्या जोडीवर हाच प्रयोग केला आणि नजरानजर वाढली, हसणं वाढलं असं नोंदवलं. १९६९ च्या एका आढाव्यात अशा सगळ्या प्रयोगांतली मिळून ९१ मुलं मोजली आहेत.

तेव्हा अमेरिकेत ऑटिझम हे वेगळं अधिकृत निदानच नव्हतं, ही मुलं ‘बालपणीचा स्किझोफ्रेनिया’ या नावाखाली यायची. आईच्या थंडपणामुळे मूल असं झालं, असं मोठमोठे डॉक्टर सांगायचे. एलएसडी कायदेशीर होतं आणि सँडोझ कंपनी ते संशोधकांना पुरवत होती. मूल एका भिंतीमागे अडकलंय, ती भिंत या औषधानं फुटेल, अशी कल्पना होती. हे सगळं मी समजून घेऊ शकते.

माझं मन अडकतं ते निष्कर्षांपाशी. बेंडरबाई लिहितात की मुलं जास्त प्रतिसाद देऊ लागली, मोठ्यांच्या जवळ येऊ लागली, कुशीत घेतलेलं त्यांना आवडू लागलं. म्हणजे सुधारणा.

माझ्या वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. तो बोलत नाही, अंगाला हात लावू देत नाही. गेल्या वर्षी गणपतीआधी शाळेमागच्या मैदानात ढोलपथकाचा सराव सुरू झाला. पहिला ठोका पडला तसा तो धावत आला आणि माझ्या कमरेला मिठी मारून राहिला. बाहेरून आलेल्या एक बाई कौतुकानं म्हणाल्या, "बघा, किती माया लावलीत त्याला!" त्याचं काळीज धडधडत होतं, ते मला माझ्या पोटाशी कळत होतं. ती माया नव्हती, ती भीती होती.

क्रीडमोरमधली किती मुलं अशीच बिलगली असतील? डोळ्यांसमोरचं जग वितळतंय, आवाजांना रंग फुटतायत, आणि हे काय चाललंय ते सांगायला तोंडात शब्द नाही. अशा वेळी मूल समोरच्या माणसाला धरणारच. वहीत मात्र त्याची नोंद ‘प्रगती’ अशी झाली असेल. मी हे सिद्ध करू शकत नाही. पण रोज अशा मुलांसोबत बसणारी बाई म्हणून मला दुसरा अर्थ लावताच येत नाही.

"तेव्हा काळच तसा होता" हे मला पटत नाही. प्रयोगाला माणसाची स्वतःची, मोकळेपणानं दिलेली संमती हवी, हे नाझी डॉक्टरांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात १९४७ लाच लिहिलं गेलं होतं. मुलाची स्वतःची राजीखुशी विचारायची, हे अमेरिकेच्या नियमांत यायला मात्र १९८३ उजाडलं.

एक गोष्ट वाचून तर मी पुस्तक मिटून बसले. बेंडरबाई लहानपणी अक्षरं उलटी लिहायच्या. पहिलीत तीनदा बसल्या. लोक त्यांना मंदबुद्धी समजायचे. आपल्याला कोणी समजून घेत नाही म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आज या औषधांवर पुन्हा संशोधन सुरू आहे. अमेरिकेत १२ ऑटिस्टिक प्रौढांवर एमडीएमए या मनावर परिणाम करणाऱ्या औषधाचा छोटा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सामाजिक भीती कमी होते का, हे पाहायचं होतं. त्यांनी स्वतः होकार दिला होता, काय वाटतंय ते स्वतः सांगितलं. अशा संशोधनाला माझा विरोध नाही.

पण परवा एक आई शाळा सुटल्यावर थांबल्या. कुठल्याशा क्लिनिकनं त्यांना मुलासाठी स्टेम सेलचं (मूळ पेशींच्या उपचाराचं) पॅकेज सांगितलंय, त्यासाठी दागिने मोडायची तयारी चाललीय. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑटिझमसाठी हे मान्य उपचार नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण ताई, ते म्हणतात दोन-तीन महिन्यांत नजर देऊ लागेल."

मी त्यांना विचारलं, घरी त्याला एखादी गोष्ट नको असेल, तेव्हा तो कसं सांगतो? त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं: डाव्या हाताची मूठ हनुवटीखाली दाबतो.