तपकीर गल्लीतला मास्तर

पुण्यातल्या शाळामित्रांच्या ग्रुपवर सध्या अटल टिंकरिंग लॅबवरून, म्हणजे मुलांनी हाताने वस्तू बनवून शिकावं म्हणून शाळेत उभारायच्या सरकारी प्रयोगशाळेवरून, जुंपली आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. देशात 10 हजार लॅब झाल्या, 2025 च्या अर्थसंकल्पात आणखी 50 हजारांची घोषणा झाली. एकाचं म्हणणं, पोरं किटमधल्या वायरी जोडतात, एलईडी लुकलुकला की फोटो काढतात आणि लॅबला पुन्हा कुलूप. दुसऱ्याने ठेवणीतलं अस्त्र काढलं: "युरोपातली पोरं बघा, गॅरेजमध्ये रोबो बनवतात!" मी नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला राहतो, त्यामुळे साक्षीला मलाच उभं केलं.

गॅरेजचं म्हणाल तर इथे त्यात सायकली असतात. रोबो मी तरी पाहिला नाही. पोरांना हाताने काम शिकताना पाहिलं ते रिपेअर कॅफेत, म्हणजे बिघडलेली वस्तू न्यायची आणि जाणकार स्वयंसेवकांसोबत बसून दुरुस्त करायची अशा ठिकाणी. 2009 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा या बाईंनी पहिला भरवला, आता गावोगाव भरतात. आमच्या गावात फिलिप्सचा जन्म झाला. त्या कंपनीने 1963 मध्ये मुलांसाठी इलेक्ट्रॉनिक्सचे किट काढले होते. तेव्हाची पोरं आता सत्तरीत आहेत आणि त्यांच्यातलेच काही इथे टेबल मांडून बसतात.

परवा एक शाळकरी मुलगी बंद पडलेलं कॉफी मशीन घेऊन आली. टेबलामागच्या आजोबांनी प्लग काढलेला आहे ना ते बघितलं आणि मीटरचे प्रोब तिच्याच हातात दिले. कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या भागावर, 0.33 मायक्रोफॅरड ही क्षमता छापलेली, मीटर निम्म्याहून कमी दाखवत होता, म्हणजे तो गेलेला. सोल्डर तिनेच काढलं, जरा वेळ लागला, आजोबांना काही घाई नव्हती. पण बदली कपॅसिटर कुठाय? ऑनलाइन मागवायचा, आणि टपालखर्च मालाच्या कितीतरी पट.

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा बाजार असलेल्या तपकीर गल्लीत हाच "334, 400 व्होल्ट" म्हणून मागा (334 हा 0.33 मायक्रोफॅरडचाच कोड). "लाइनवर लावणार का? मग एक्स-टू घ्या," असं काउंटरवरचा माणूस न विचारता सांगतो; एक्स-टू म्हणजे थेट घरच्या विजेवर लावायचा सुरक्षित प्रकार. एक नग मागितला म्हणून तोंड वाकडं करत नाही. (बार्गेनिंग केलंत तर करतो.) हे ज्ञान फुकट मिळतंय याचं आपल्याला काहीच वाटत नाही. त्याच बाजारात इंजिनिअरिंगचे फायनल इयरचे प्रोजेक्ट रिपोर्टसकट तयार मिळतात, हेही खरं. पण प्रोजेक्टचा डबा चालतो एवढंच बघून मार्क देणारे आपणच, तर विकणाऱ्याला काय बोलायचं?

म्हणजे सुटे भाग आपल्याकडे, शिकवायला फुरसत असलेली माणसं इथे. आणि शिकवणारी माणसं आपल्याकडे नाहीत असंही नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्यावरच. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीची फॅब लॅब, म्हणजे यंत्रांवर हव्या त्या वस्तू बनवायची कार्यशाळा, तिथे 2002 मध्ये आली, अटल लॅबच्या किती आधी बघा. त्या ग्रुपवर कुणी पाबळचं नावही काढलं नाही.

गल्लीतल्या मेकॅनिकला डिग्री नाही, म्हणून शाळा त्याला मुलांसमोर उभं करणार नाही. मुख्याध्यापकांच्या केबिनमधला इन्व्हर्टर बसला की फोन मात्र त्यालाच जातो. अनुदानातले 10 लाख पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी असतात. त्यातून दर शनिवारी दोन तासांचं मानधन त्याला द्या, आणि लॅबची चावीही त्याच्याकडेच ठेवा.