रिब्ज, कच्ची पपई आणि 'आधी शिका' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घरच्या ओव्हनमधल्या पोर्क रिब्जच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : 'रात्रभर कच्च्या पपईत मुरवल्याशिवाय बरगड्या मऊ होतात असं सांगणाऱ्याने आधी मांस शिजवायला शिकावं, मग लोकांना शिकवावं. ओव्हनमध्ये केलेल्याला बार्बेक्यू म्हणत नाहीत. आणि मीठ चमच्याने कसलं मोजता?'

मिठाचं मान्य. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, जाड कोशर मिठाचा चमचा एका ब्रँडचा 3 ग्रॅम भरतो, दुसऱ्याचा 5, साध्या टेबल सॉल्टचा 6. ग्रॅममध्ये लिहायला हवं होतं, आता बदल केलाय.

पण 'आधी शिकावं'? मतभेद शंभर असू द्यात, मी इतकी वर्षं लिहितोय, सवय आहे. ओळखपाळख नसलेल्या माणसाला हे असं लिहायचं? माझ्या घरी जेवायला बसला असतात तर हेच वाक्य तोंडावर बोलला असतात का? नसता बोलला. मग इथे का?

शिकण्याचाच विषय काढलात म्हणून सांगतो. मी कोल्हापूरचा. रविवारी घरात मटण ठरलेलं, आणि बोकड जून निघालं की आई रश्श्यात कच्च्या पपईची फोड टाकायची. पपई मला तुम्ही सांगायची गरज नाही. आता राहतो कॅन्सस सिटीत. 1908च्या सुमारास हेन्री पेरी यांनी इथे भट्टीवर भाजलेलं मांस विकायला सुरुवात केली, तेव्हापासून हे गाव बार्बेक्यूवर जगतंय. शेजारच्या आजोबांच्या स्मोकरपाशी (लाकडाच्या धुरावर मांस सावकाश शिजवायची भट्टी) थंडीत तासन्‌तास उभा राहून मी रिब्ज शिकलो. त्यांनी किंवा इथल्या कुणीही पपईचं नावसुद्धा काढलेलं मला आठवत नाही. तिकडे मेम्फिस शहरात सुका मसाला चोळतात, आमच्याकडे टोमॅटो आणि मोलॅसिसचा (काकवीसारखा पाक) दाट सॉस लावतात. रिब्ज दोन्हीकडे मऊच.

का, तेही ऐका. बरगडीचं मांस चिवट असतं ते त्यातल्या कोलॅजन नावाच्या तंतुमय प्रथिनामुळे. त्याचं जिलेटिन व्हायला मांस 70 अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ राहावं लागतं. अमेरिकन कृषी खात्याच्या नियमाने पोर्कचा तुकडा 63 अंशांना खायला सुरक्षित, पण त्या तापमानाची रिब एकदा चावून बघा. 90 ते 95 अंशांपर्यंत सावकाश नेली की तीच रिब लुसलुशीत होते. म्हणून लेखात ओव्हन 135 अंशांवर, फॉइल घट्ट बंद आणि अडीच-तीन तास असं लिहिलंय. सॉस शेवटी, कारण त्यातली साखर आधी करपते.

पपईतलं पपेन, म्हणजे मांस मऊ करणारं विकर (एन्झाइम), मात्र काही मिलिमीटरच आत शिरतं. गलौटी कबाबात ते चालतं, कारण खिम्यात पपई सगळीकडे मिसळलेली असते. अख्ख्या रॅकला, म्हणजे बरगड्यांच्या सलग पट्टीला, पपई रात्रभर लावलीत तर वरचा थर पिठूळ होणार आणि हाडाजवळचं मांस होतं तसंच राहणार. खोलवर जातं ते मीठ, आणि ते आदल्या रात्री लावून ठेवा असं मी स्पष्ट लिहिलंय. हाडांच्या बाजूचा पातळ पापुद्रा सोलून काढायचंही लिहिलंय. तुम्ही लेख पूर्ण वाचलात की साहित्याची यादी बघूनच चिडलात?

आणि मऊ म्हणजे गाळ नव्हे. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांत मांस हाडावरून आपोआप गळून पडलं तर गुण जातात. दात लागला तेवढंच सुटावं, बाकीचं हाडाला धरून राहावं, अशी तिथली अपेक्षा. पपईने हे साधत नाही.

ओव्हनला बार्बेक्यू म्हणावं की नाही या वादात मी पडणार नाही. यात धूर नाही, हे लेखाच्या दुसऱ्याच ओळीत आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने बाल्कनीत लाकडं पेटवायची का?

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. एकदा अर्ध्या रॅकला पपई लावा, अर्ध्याला फक्त मीठ, बाकी सगळं सारखं ठेवा आणि काय झालं ते इथेच लिहा. पपईची बाजू सरस ठरली तर तेही छापीन. फक्त लिहिताना जरा माणसाशी बोलतोय असं समजून लिहा.